दोन डॉक्टर, दोन मतं: कॅन्सरवाले आणि रक्तवाले डॉक्टर ठरवतात तरी कसं?

हरवळेकर
नमस्कार मंडळी. लिहू की नको असं चाललं होतं, पण घरात आता कुणाशी धड बोलायची सोय राहिलेली नाही म्हणून इथे लिहिते. बाबा ७२ वर्षांचे, सगळा जन्म खाणीवर मशीन चालवण्यात गेला, आजारपण कसलं ते माहीत नाही. पाऊस लागायच्या आधीपासून दम लागायचा, आम्हाला वाटलं वय झालं, मग हिरड्यांतून रक्त यायला लागलं, हातापायांवर काळेनिळे डाग, तेव्हा कुठे रक्त तपासलं. आधी म्हापशाचं आझिलो हॉस्पिटल, तिथून बांबोळीचं मेडिकल कॉलेज. बोन मॅरोची तपासणी केली आणि एएमएल निघाला, म्हणजे वेगाने वाढणारा रक्ताचा कॅन्सर.

घोळ असा की इथले डॉक्टर म्हणतात जोराची किमो नको, ॲझासिटिडिनची इंजेक्शनं आणि व्हेनेटोक्लॅक्सच्या गोळ्या यावर ठेवूया. दादा मुंबईला असतो, त्याने रिपोर्ट तिथल्या एका मोठ्या प्रायव्हेट डॉक्टरांना दाखवले, ते म्हणाले ताबडतोब घेऊन या, माणूस धडधाकट दिसतोय, जोराची किमो देऊ आणि रेमिशन आलं, म्हणजे कॅन्सरच्या पेशी दिसेनाशा झाल्या, की बोन मॅरो ट्रान्सप्लांटचं बघू. दोघांकडे तेच कागद. दादा म्हणतो गोव्यातले घाबरट, आई म्हणते मुंबईचे पैशांच्या मागे. औषध कुठलं घ्यावं ते मला इथे विचारायचं नाही, तेवढं कळतं. ही माणसं ठरवतात कसं ते समजून घ्यायचंय. एकाच कागदावरून दोन उत्तरं निघतात म्हणजे कुणीतरी चुकतंय ना?

शुक्रवारचा_बाजार
ताई, वाचून पोटात गोळा आला. आमच्याकडे उलटं झालेलं. आईला स्तनाचा कॅन्सर, वय ६३, ऑपरेशन झालं, गाठ लहान, काखेतल्या गाठी स्वच्छ, आणि डॉक्टरांनी सांगितलं किमो नको, हार्मोनच्या गोळ्या पुरेत. मावश्यांनी घर डोक्यावर घेतलं, कॅन्सर आणि किमो नको म्हणजे काय, डॉक्टर बदला. मग डॉक्टरांनी शांतपणे बसवून सांगितलं की गाठीतली २१ जनुकं तपासून एक आकडा काढतात, आणि २०१८ मध्ये टेलरएक्स नावाचा मोठा अभ्यास छापून आला, त्यात अशा बायकांमध्ये पन्नाशीच्या वर आणि आकडा २५ पर्यंत असेल तर किमो देऊन काही जास्त फायदा दिसला नाही. म्हणजे केस गेले असते, उलट्या झाल्या असत्या, आणि हातात काही पडलं नसतं. ती टेस्ट मात्र लाखांच्या घरात होती, ते पैसे जमवताना माझी झोप उडालेली ते वेगळंच.

फोंडेकर_बाहेरगावी
मी रक्ताच्या आजारांचाच डॉक्टर, मूळ फोंड्याचा, नोकरी बाहेर. तुमच्या वडिलांना मी तपासलेलं नाही, त्यामुळे त्यांच्याबद्दल काही म्हणत नाही, आमच्या डोक्यात काय चालतं तेवढं लिहितो.

कुणीच चुकत नसेल. ७२ हे वय या आजारात धड इकडचं ना तिकडचं. जोराची किमो म्हणजे आम्ही जिला सात-तीन म्हणतो ती, सात दिवस सायटाराबिन आणि त्यातच तीन दिवस डॉनोरुबिसिनसारखं औषध, १९७० च्या दशकापासून तीच चालू आहे. ती मॅरो पार साफ करते आणि नवीन पेशी यायला तीन-चार आठवडे लागतात, तेवढा काळ अंगात पांढऱ्या पेशी जवळपास नसतात आणि साधं इन्फेक्शनसुद्धा माणसाला घेऊन जाऊ शकतं. तिशीतला पोरगा त्यातून बहुतेक वेळा निभावतो. सत्तरीतला माणूस कॅन्सरने नाही तर उपचारानेच पहिल्या महिन्यात जाण्याची भीती खूप वाढते, आणि गेला तर तो आमच्या निर्णयाने गेलेला असतो. हे ओझं कुठल्या रिपोर्टात लिहिलेलं नसतं.

दुसरा रस्ता तुमच्या इथल्या डॉक्टरांनी सांगितला तो. त्याचा मोठा अभ्यास २०२० मध्ये आला, व्हियाले-ए. नुसत्या ॲझासिटिडिनवर मधला माणूस ९.६ महिने जगला, व्हेनेटोक्लॅक्स जोडल्यावर १४.७ महिने. मधला माणूस म्हणजे अर्धे लोक त्याच्या आधी गेले आणि अर्धे त्याच्यापुढे जगले, काही तर वर्षानुवर्षं. हा आकडा ऐकून लोक मनात तारीख मांडतात, तसं करू नका. आणि खरी मेख पुढे आहे. त्या अभ्यासात घेतलेले लोक ७५ किंवा त्यापुढचे, किंवा हृदय, फुप्फुसं वगैरे बिघडल्यामुळे जोराची किमो न झेपणारे. मग ७२ चा, चालता-फिरता माणूस कुठे बसवायचा? अभ्यास तिथे सरळ बोट दाखवत नाही. तिथून पुढे डॉक्टरचा अनुभव, त्याचा वॉर्ड, त्याचे नर्स, त्याचा स्वभाव हे सगळं येतं.

मुंबईच्या डॉक्टरांनी कागद बघितला, बांबोळीच्या डॉक्टरांनी माणूस बघितला, हाही फरक आहेच. आम्ही पेशंट दारातून आत येतानाच बघायला लागतो, स्वतः चालत आला की हात धरून, खुर्चीवर कसा बसला, घरी दिवसातला किती वेळ झोपून असतो. त्याला इकॉगचा शून्य ते चार असा आकडा देतात, शून्य म्हणजे ठणठणीत आणि चार म्हणजे पूर्ण अंथरुणाला खिळलेला. फाईलवर १ लिहिलंय की २, एवढ्याने कधी कधी उपचार बदलतो.

खरंखरं
डॉक्टरसाहेब छान लिहिलंत पण मूळ मुद्दा गाळलात. पैसा. ट्रान्सप्लांटचं बिल किती होतं? प्रायव्हेटमध्ये डॉक्टरला टार्गेट असतं हे सगळ्यांना माहीत आहे. माझ्या काकांना शेवटच्या महिन्यातसुद्धा किमो देत होते, शेवटच्या आठवड्यात नवीन औषध लावलं, बिल भरायला काजूची बागायत विकली. कुठलं हॉस्पिटल ते लिहीत नाही. निर्णय बिलाच्या काउंटरवर होतात.

फोंडेकर_बाहेरगावी
@खरंखरं, तुमचा राग मला पटतो. असं होतं. कधी पैशासाठी होतं, आणि कधी डॉक्टरला 'आता पुरे' असं म्हणायचा धीर नसतो म्हणून होतं, समोर घरचे हात जोडून उभे असतात, अजून एक औषध लिहून देणं हे खुर्ची ओढून अर्धा तास बोलण्यापेक्षा सोपं पडतं. दुसरं कारण मला जास्त वेळा दिसलंय, पण मी याच धंद्यातला, तेव्हा माझं किती मानायचं ते तुम्ही ठरवा.

यावर उपाय म्हणूनच ट्यूमर बोर्ड असतं. सर्जन, किमोवाले, रेडिएशनवाले, पॅथॉलॉजिस्ट, रेडिओलॉजिस्ट एका टेबलाला बसतात आणि केस सगळ्यांसमोर मांडतात. तिथे भांडणं होतात, आणि व्हावीतच. सर्जनला कापावंसं वाटतं, आम्हाला औषध द्यावंसं वाटतं, आणि पॅथॉलॉजिस्ट मध्येच म्हणतो की अहो मला हा तो कॅन्सरच वाटत नाही. पेशंटने थेट विचारावं, माझी केस बोर्डात गेली का, काय ठरलं. दुसरं मत घ्यायला मुंबई गाठायलाच हवी असंही नाही आता. टाटाच्या पुढाकाराने २०१२ पासून नॅशनल कॅन्सर ग्रिड आहे, त्यांच्याशी जोडलेली 'नव्या' (Navya) या नावाची ऑनलाइन सेवा रिपोर्ट बघून तज्ज्ञांचं लेखी मत देते.

आणि पैशाचा विचार करणारा प्रत्येक डॉक्टर लुटारू नसतो, उलट्या बाजूनेही पैसा मोजावा लागतो. तोंडाच्या, घशाच्या कॅन्सरवरचं निव्होलुमॅब म्हणजे कुणाच्याही आवाक्याबाहेर. टाटातल्या डॉक्टरांनी नेहमीच्या डोसच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी, नुसतं २० मिलिग्रॅम दर तीन आठवड्यांनी, स्वस्तातल्या गोळ्यांच्या जोडीने देऊन बघितलं. २०२२ मध्ये छापून आलं. नुसत्या गोळ्यांवर वर्षभराने शंभरात १६ जिवंत, हे थोडंसं निव्होलुमॅब जोडलेल्यांत ४३. पूर्ण डोस देऊन तुलना केलेली नाही, म्हणून काही जण नाकं मुरडतात. पण समोरच्या बाईकडे पूर्ण डोसचे पैसे नाहीत आणि ती उद्या परत येणारच नाही हे दिसत असताना काय करायचं, हा प्रश्न आमच्याच देशातला आहे, त्याचं उत्तर अमेरिकेतून कसं येणार?

काणकोणचो_काको
मी या धाग्यातला सगळ्यात सुखी पेशंट, म्हणून लिहितो. मला सीएलएल आहे, म्हणजे हळूहळू वाढणारा रक्ताचा कॅन्सर. पांढऱ्या पेशी ७० हजारांच्या वर आणि औषध काही नाही! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं डॉक्टरने आपली आशा सोडली आणि तोंडावर सांगायला लाजतोय. नंतर कळलं की असंच करतात, बघत राहायचं. तपासायला गेलो की हिमोग्लोबिन, प्लेटलेट, गाठी, प्लीहा बघतात, रात्री घाम येतो का, वजन उतरलं का विचारतात, पेशी सहा महिन्यांच्या आत दुप्पट झाल्या का बघतात, आणि घरी पाठवतात. माझ्या डॉक्टरांनी सांगितलं की आधीच औषध सुरू करून बघितलेलं आहे, १९९८ मध्ये फ्रान्सच्या डॉक्टरांनी छापलं, लवकर गोळ्या दिलेले लोक जास्त जगले नाहीत.

पण घरच्यांना ते पचत नाही. काही न करणं हा निर्णय आहे हे कुणाला पटवणार? शेजारी पपईच्या पानांचा रस घेऊन येतात, एकाने गोमूत्र आणून दिलं, व्याह्यांनी केरळचा पत्ता दिला. मी सगळ्यांना देव बरें करूं म्हणतो आणि रस माडाच्या मुळात ओततो. माड बरा धरलाय यंदा.

डेकेअर_सिस्टर
मी किमो डेकेअरमध्ये काम करते, कुठे ते सोडा. आमच्याकडे डॉक्टर एक प्रश्न हमखास विचारतात आणि पेशंटला वाटतं गप्पा मारतायत, तुम्ही राहता कुठे. गप्पा नसतात हो त्या. किमोनंतर पेशी पडलेल्या असताना ताप आला, म्हणजे एकदम १०१ आला किंवा १००.४ तासभर राहिला, की तो इमर्जन्सी, हॉस्पिटलात पोचल्यावर तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक लागलं पाहिजे. पर्वरीच्या माणसाला ते जमतं. सत्तरी तालुक्यात आत कुठे वाडा असेल, रात्री गाडी नाही, फोनला रेंज नाही, किंवा दिवाडी बेटावर घर आणि मध्ये फेरीबोट, तर तीच किमो तेवढ्याच वयाच्या माणसाला जास्त धोक्याची होते. मग डॉक्टर म्हणतात पेशी वर येईपर्यंत ॲडमिट राहा, किंवा डोस कमी करतात, आणि लोक म्हणतात बघा गोव्यातले घाबरतात.

ताई, तुमच्याकडे भिंतींना पावसाळ्यात बुरशी येते का? आली असेल तर डॉक्टरांना सांगा. हसू नका, ल्युकेमियाच्या पेशंटला बुरशीचं इन्फेक्शन फुप्फुसात होतं, त्याचं औषध आधीपासून द्यायचं का ते त्यावरही ठरतं. आणि एक विचारते, बाबांना काय झालंय ते बाबांना माहीत आहे का?

हरवळेकर
सगळ्यांचे आभार. काको, तुमच्या माडाचं आईला वाचून दाखवलं, बऱ्याच दिवसांनी हसली.

सिस्टर, नाही. बाबांना सांगितलंय की रक्त कमी झालंय. दादा म्हणतो कळलं तर हातपाय गाळून बसतील. भिंतीला बुरशी आहे, मागच्या खोलीत, तिथेच त्यांची खाट.

खरंखरं
यात मी दादाच्या बाजूने. आमच्या काकांना सांगितलं आणि ते त्या दिवसापासून जेवले नाहीत. शहाणपण शिकवणाऱ्यांना नंतर घरात राहायचं नसतं.

फोंडेकर_बाहेरगावी
मी उलट बाजूचा. तुमच्या दोन डॉक्टरांमधला वाद औषधाचा नाहीच बहुतेक. एक जण म्हणतो, आजार कायमचा जाण्याची जी थोडी शक्यता आहे तिच्या मागे जाऊ, मग सुरुवातीचा धोका आणि महिनोन्महिने मुंबईत राहणं आलं. दुसरा म्हणतो, मिळेल तो काळ जास्तीत जास्त घरी आणि बरा जावा. यातलं कुठलं हवं ते एमडी, डीएम करून कळत नाही, ते फक्त तुमचे बाबा सांगू शकतात, आणि त्यांना तर रक्त कमी आहे एवढंच माहीत. पेशंटला बाजूला ठेवून आम्ही चौघं भांडतोय.

सांगायचं म्हणजे सगळं एका दमात ओतायचं असं नाही. आम्ही आधी विचारतो, तुम्हाला काय वाटतंय काय झालंय. बहुतेक वेळा माणसाला कळलेलंच असतं, घरच्यांना त्रास नको म्हणून तो गप्प असतो. मग किती जाणून घ्यायचंय ते विचारायचं. 'मुलीला सांगा, मला नको' म्हणाले तर तेही त्यांचंच उत्तर.

आणि पॅलिएटिव्हवाल्या, म्हणजे दुखणं-त्रास कमी करणाऱ्या डॉक्टरांना आत्ताच भेटा, शेवटाची वाट बघू नका. २०१० मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरवर अमेरिकेतला अभ्यास आला, पहिल्यापासून त्यांची जोड दिलेले पेशंट ११.६ महिने जगले, न दिलेले ८.९, आणि त्यांनी शेवटी शेवटी किमोही कमी घेतली. आजार वेगळा, पण आमच्यातल्या पुष्कळांचे डोळे तेव्हा उघडले.

जनुकांचा रिपोर्ट आला का? एनपीएम१ या जनुकात बदल असेल तर गोळ्यांवरही चांगला परिणाम दिसतो, टीपी५३ हे जनुक बिघडलेलं असेल तर दोन्ही रस्ते खडतर, मग जोराची किमो देऊन हाल करण्यात अर्थ कमी. पेशंट स्थिर असेल तर आम्ही त्यासाठी काही दिवस थांबतो. एएमएलच्या फक्त एका प्रकारात थांबत नाही, एपीएल. त्यात रक्तस्राव होऊन माणूस तासांत जाऊ शकतो, म्हणून नुसता संशय आला तरी पक्का रिपोर्ट यायच्या आधी अट्रा नावाच्या औषधाच्या कॅप्सूल सुरू करायच्या, नसला तर बंद करायच्या. आणि तोच आजार अट्रा आणि आर्सेनिकवर, जोखीम कमी असेल तर, दहातल्या नऊहून जास्त जणांचा बरा होतो. रात्री दोनला रेसिडेंटचा फोन येतो, सर रक्ताचा स्मिअर तसा दिसतोय पण खात्री नाही, आणि अंथरुणात पडल्या पडल्या हो म्हणायचं असतं.

हरवळेकर
उशिरा लिहितेय, धावपळ चालू होती. बाबांशी बोललो. म्हणजे बांबोळीच्या डॉक्टरांनीच बोलून घेतलं, खाटेजवळ बसून, आम्ही नुसते उभे. बाबा म्हणाले, माका खबर आसा, कॅन्सर मू? खाणीवरच्या एका दोस्ताला असंच हिरड्यांतून रक्त यायचं म्हणे. रडले नाहीत. डॉक्टरांनी दोन्ही रस्ते सांगितले, मुंबईच्या डॉक्टरांचं मतसुद्धा नीट सांगितलं, त्याला नावं ठेवली नाहीत. एको केला होता, हृदयाचं पंपिंग कमी निघालं, जोराच्या किमोतलं औषध हृदयावर जातं म्हणून तो रस्ता आणखी अवघड. हा एको मुंबईला पाठवलेल्या कागदांत नव्हताच. दादाने तिथल्या डॉक्टरांना फोन लावून ते सांगितलं तर ते लगेच म्हणाले, मग मीही तेच दिलं असतं. दादा गप्प झाला.

बाबांनी विचारलं, चवथीक हांव घरा आसतलों मू? (गणेश चतुर्थीला मी घरी असेन ना?) डॉक्टर म्हणाले शब्द देत नाही, पण पहिली सायकल त्या हिशोबाने लावू, पहिला महिना ॲडमिट राहावं लागेल. जनुकांचा रिपोर्ट अजून यायचाय. ॲझासिटिडिन सुरू झालं. पांढऱ्या पेशी फार वर होत्या, त्या आधी गोळ्या देऊन २५ हजारांच्या खाली आणल्या आणि मगच व्हेनेटोक्लॅक्स. मागच्या खोलीची भिंत खरवडून झाली, खाट पुढे आणली.

आता प्रश्न. बुरशीविरुद्धच्या गोळ्या सुरू केल्यापासून व्हेनेटोक्लॅक्स रोज १०० मिलिग्रॅमच देतात, नेटवर ४०० लिहिलंय. दादा पुन्हा पेटलाय की कमी डोस देतायत.

फोंडेकर_बाहेरगावी
बरोबर देतायत. पोसाकोनाझोल किंवा व्होरिकोनाझोलसोबत असेल तर लिव्हर व्हेनेटोक्लॅक्स बाहेर टाकू शकत नाही, थोड्या गोळीचा असर मोठ्या डोसइतका होतो, तेव्हा ४०० देणं धोक्याचं. दादाला सांगा, गोळ्याही कमी लागतात. पण ती बुरशीची गोळी कुणी परस्पर बंद केली किंवा बदलली तर हा डोस लगेच बदलावा लागतो, म्हणून सगळ्या औषधांची एकच यादी करून फाईलच्या वर ठेवा, आयुर्वेदिक, होमिओपॅथी, जे असेल ते धरून. पहिल्या सायकलच्या शेवटी मॅरो परत करतील, पुढचं त्यावर ठरेल.

डेकेअर_सिस्टर
आणि प्लेटलेट द्यायला आत्तापासून चार-पाच डोनर बोलून ठेवा, चवथीच्या दिवसांत माणसं मिळत नाहीत, सगळे गावी जातात. सिंगल डोनर प्लेटलेट देणाऱ्याने आधीचे तीन दिवस ॲस्पिरिन घेतलेली नसावी. ब्लड बँकेत नावं आणि फोन लिहून द्या.

काणकोणचो_काको
माझं रक्त कुणी घेणार नाही, पण माझे दोन्ही पुतणे मडगावला आहेत, दोघेही धष्टपुष्ट, दोघांचा ओ पॉझिटिव्ह. बाबांचा ग्रुप कळवा ताई. बांबोळीला येतील, मी सांगतो त्यांना.

हरवळेकर
ओ पॉझिटिव्हच आहे काको. मेसेज करते.